पर्समधली गोळी

(महिला गटांच्या आरोग्य अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. ज्या मैत्रिणीची हकिगत यात आहे, तिने ती वाचून छापायला संमती दिली आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कॉस्मेटिक सर्जरी? आपल्याला कुठे परवडते!" आणि सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. या हसण्याबद्दलच आधी बोलायचं आहे, कारण गेल्या वर्षी मी अशीच हसले होते आणि त्याची किंमत दुसऱ्याच एकीने मोजली.

गेल्या आठ मार्चला डोंबिवलीत आपला मेळावा होता. मी लोकलच्या लेडीज डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींवर बोलले. पोट सपाट करा, नाक सरळ करा, हप्ते पाडून मिळतील. बोलायला तयारी लागत नाही असा हा विषय. १९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा स्त्री-संघटनांनी केलेला विरोध, प्रसाधनांच्या कंपन्यांना आपल्याकडे नुकती सापडलेली बाजारपेठ, हे सगळं आपल्या ज्येष्ठ मैत्रिणींकडून मी ऐकलेलं होतं, ते सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "पुरुषांच्या नजरेसाठी स्वतःच्या अंगावर सुरी चालवून घेणाऱ्या बायकांची मला कीव येते." टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत आपली एक जुनी मैत्रीण बसली होती. पंधरा दिवसांनी तिची शस्त्रक्रिया ठरलेली होती.

तिच्याबद्दल थोडं सांगते. वय अडतीस. राहायला डोंबिवली पूर्वेला, नोकरी फोर्टमध्ये. दोन मुलं, दोघांना अंगावर पाजलेलं. पहिल्या बाळंतपणानंतर तिचे स्तन खूप वाढले आणि नंतर कमी झालेच नाहीत. ज्यांना हा त्रास नाही त्यांना ही गंमत वाटते. तिच्या खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी खाचा पडल्या होत्या, बोट ठेवलं तर आत जाईल अशा. स्तनांखाली उन्हाळाभर घामाने कातडी सोलवटलेली. मान आणि पाठ कायमची धरलेली. आणि असं अंग घेऊन सकाळच्या गाडीत चढायचं, एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्या हाताने पर्स छातीशी. गर्दीत कोण कुठे हात लावतं ते मी सांगायला नको. ऑफिसात तिला मागून काय म्हणत होते तेही सांगत नाही.

डॉक्टरांनी आधी व्यायाम सांगितला, मग वजन कमी करायला सांगितलं. तिने केलं. बाकी अंग उतरलं, स्तन तेवढेच राहिले. शेवटी कुणीतरी सांगितलं की स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया असते आणि त्याने मान-पाठ-खांद्यांचं दुखणं बऱ्याच जणींचं खरोखर कमी होतं. विम्याचं विचारलं, तर विमा कंपनीने कळवलं की ही सौंदर्यशस्त्रक्रिया, पैसे मिळणार नाहीत. आरोग्य विम्यातून सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची दुरुस्ती असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तिचं दुखणं विम्याच्या कागदावर सौंदर्य झालं, सासूच्या तोंडी थेरं झालं आणि माझ्या भाषणात पुरुषी नजरेची गुलामी झालं. नवऱ्याने मात्र पतपेढीतून कर्ज काढून पैसे दिले, हेही सांगायला हवं. फक्त एवढंच म्हणाला, की कुणाला कळता कामा नये.

तेव्हा माहेरी सांगितलं हर्नियाचं ऑपरेशन. ऑफिसात सांगितलं गावी लग्न. आम्हाला काहीच सांगितलं नाही.

आता गोळीकडे येते.

या बाईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात दुखण्यावरच्या गोळ्यांची पाकिटं असायची. किती वर्षं? तिच्याच हिशोबाने आठ. गाडीतून उतरलं, पाठ भरून आली की एक. पाळीच्या दिवसांत दोन. डोकं दुखलं की पाण्यात विरघळणारी ती पांढरी गोळी. आपल्यापैकी किती जणींच्या पर्समध्ये आत्ता अशी गोळी आहे? हात वर करा. बघा. मी माझाही हात वर केला आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी तिला विचारलं होतं, "काही औषधं चालू आहेत का?" ती म्हणाली, "नाही." ती खोटं बोलली नाही. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची गोळी म्हणजे औषध. दुखण्यावरची गोळी कुठे औषध असते? ती चहासारखी. विचारणाऱ्याने "अंग दुखलं, डोकं दुखलं, पाळीत पोट दुखलं तर काय घेता?" असं विचारलं असतं तर तिने पर्सच उघडून दाखवली असती. फॉर्म इंग्रजीत होता, तीन पानांचा, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली.

जखमेतून रक्त का वाहतं आणि का थांबतं ते जरा समजून घेऊ, म्हणजे पुढचं लक्षात राहील. कातडी कापली की आधी तिथली बारीक रक्तवाहिनी आकसते. मग रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या अगदी लहान पेशी तुटलेल्या जागी जाऊन चिकटतात, एकमेकींना बोलावतात आणि बूच तयार होतं. त्यावर धाग्यांची जाळी विणली जाते आणि रक्त गोठून घट्ट होतं. प्लेटलेटनी एकमेकींना बोलावण्यासाठी जे रसायन लागतं, ते तयार होऊ न देण्याचं काम काही वेदनाशामक गोळ्या करतात. दुखणं आणि सूज ज्या वाटेने कमी होते, त्याच वाटेवर हेही घडतं.

यात ऍस्पिरिन सगळ्यात चिवट. ज्या प्लेटलेटला ऍस्पिरिन लागलं ती मरेपर्यंत कामातून गेली, आणि तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं असतं. म्हणून आज डोकेदुखीसाठी घेतलेली एक डिस्प्रिन पुढच्या आठवड्यातल्या टाक्यांपर्यंत पोचते. डिस्प्रिन म्हणजे ऍस्पिरिन. हृदयासाठी देतात ती इकोस्प्रिन म्हणजेही ऍस्पिरिनच, कमी मात्रेतलं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांचाही परिणाम प्लेटलेटवर होतो, पण तो तात्पुरता. साधारण दिवसभरात उतरतो. नेप्रॉक्सेनचा त्याहून थोडा लांबतो. पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिनमध्ये असतं ते, नेहमीच्या मात्रेत प्लेटलेटच्या वाटेला जात नाही. म्हणून टाक्यांनंतर पहिली गोळी बहुधा ती देतात.

आणि नावं फसवतात, हेही ध्यानात घ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. दवाखान्याने पॅरासिटामॉल दिलं, ते पुरेना म्हणून आपण वरून कॉम्बिफ्लाम घेतली, सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल तीन ठिकाणांहून पोटात गेलं. धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही त्याची वरची हद्द, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि बारीक अंगाच्या, यकृताचा त्रास असलेल्या किंवा दारू घेणाऱ्या बाईला त्याहून कमी. हद्द ओलांडली की यकृतावर घाव बसतो आणि तो पहिले एक-दोन दिवस कळतही नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचावं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुम्ही इथून गोळ्यांची भीती घेऊन जाल. सगळे शल्यचिकित्सक या बाबतीत एकमताचे नाहीत. ऍस्पिरिनबद्दल बहुतेक सगळे सावध असतात. आयब्युप्रोफेन मात्र प्लास्टिक सर्जरीनंतर दिलं तरी रक्तस्राव फारसा वाढत नाही, असं अलीकडच्या काही अभ्यासांत दिसलं आहे, आणि काही सर्जन ते मुद्दाम देतात, म्हणजे अफूच्या जातीची कडक औषधं कमी लागतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरने लिहून दिलं असेल तर घाबरून बंद करू नका. आणि ज्या बाईला हृदयात स्टेंट घातला म्हणून ऍस्पिरिन चालू आहे, तिने तर ती स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही, तो जिवाशी खेळ आहे. प्रश्न एवढाच, की पोटात काय चाललं आहे ते कापणाऱ्याला ठाऊक असावं.

आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत ते ठाऊक नव्हतं. शनिवारी सकाळी ठाण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आदल्या आठवड्यात तिने, सुट्टी मिळावी म्हणून जास्तीचं काम उपसताना, रोज डायक्लोफिनॅक आणि दोनदा डिस्प्रिन घेतली होती. रविवारी दुपारी घरी सोडलं. "साधी गोळी" दिली होती, सहा तासांनी घ्या म्हणून. तिने ती सहा तासांनी घेतली नाही, कारण आपल्याला शिकवलेलं असतं की फारच दुखलं तर घ्यावी. मग रात्री दहाला एकदम फारच दुखलं.

इथे मला थांबून बोललं पाहिजे. आपल्याकडे बाईने दुखणं सोसणं हा गुण मानला जातो. बाळंतपणात ओरडली नाही म्हणून कौतुक होतं. पण टाक्यांच्या बाबतीत सोसणं नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. दुखण्याने रक्तदाब वाढतो, आणि ताज्या जखमेत वाढलेला रक्तदाब म्हणजे बुचावर आतून धक्के. म्हणून ठरलेली गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची, दुखो न दुखो, पहिले दोन-तीन दिवस. नाहीतर बाई सोसते, सोसते, आणि मग सोसवेना झालं की हाताला लागेल ते घेते.

तिच्या हाताला पर्स लागली. दहा वाजता एक डायक्लोफिनॅक. रात्री एकला आणखी एक, कारण उजव्या बाजूला ताण यायला लागला होता. डाव्या बाजूला तसं काही नव्हतं. तीन वाजता उजवी बाजू दगडासारखी झाली होती आणि कातडी चकाकत होती. नवरा दमून झोपलेला, सकाळची पाळी. त्याला उठवलं नाही. दवाखान्याच्या कार्डावरचा नंबर तिने लावला, तो वाजत राहिला. मग तिने माझा नंबर काढला. आणि लावला नाही.

हे मला तिने नंतर सांगितलं. म्हणाली, "ताई, तुमची कीव नको होती."

पहाटे उठून बसली तर पट्टी आणि गाऊन भिजलेले, डोळ्यांपुढे अंधार. नवऱ्याने आणि कल्याणहून धावत आलेल्या नणंदेने रिक्षात घालून ठाण्याला नेलं. आत साचलेलं रक्त काढायला पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, वर रक्ताच्या दोन पिशव्या. हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं होतं. ती वाचली. खाचा बुजत आल्या आहेत, पाठ दुखत नाही, आणि उजव्या बाजूचा वण डाव्यापेक्षा जाड आहे.

गोळीनेच हे झालं का? तिच्या सर्जनचं म्हणणं, ठामपणे सांगता येणार नाही; एकही गोळी न घेतलेल्या बाईच्या जखमेतही कधीकधी रक्त साचतं. ते खरं आहे, मी वाचून खात्री केली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त कमी जावं म्हणून ऍड्रिनॅलिन मिसळलेलं इंजेक्शन देतात, त्याने वाहिन्या आकसून राहतात. काही तासांनी त्याचा अंमल उतरतो, वाहिन्या पुन्हा रुंदावतात आणि तेव्हा कुठे कच्चं राहिलं असेल तर गळायला लागतं. म्हणूनच पहिला दिवस आणि पहिली रात्र महत्त्वाची. पण आठ वर्षांची पर्स कुणी विचारली नाही, हेही तितकंच खरं. आणि गोळीने एक काम नक्की केलं. तिने रात्रभर धोक्याची घंटा दाबून ठेवली. दुखणं हीच खूण होती.

ती खूण ओळखायची कशी, ते सांगते. पहिल्या दिवशी पट्टीवर गुलाबी, पाण्यासारखे डाग पडतात, थोडी सूज येते, दोन्ही बाजूंना सारखीच काळीनिळी पडते. हे चालतं. एकच बाजू दुसरीपेक्षा वेगाने फुगते, कडक होते, गोळी घेऊनही दुखणं चढतच जातं, किंवा पट्टी लाल रक्ताने भिजते, बदलली की पुन्हा भिजते, बाईला चक्कर येते, छाती धडधडते, घाम फुटतो, तर सकाळची वाट बघायची नाही. स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, सलग पंधरा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. उचलून बघणं हा आपला सगळ्यांचा दोष आहे, बूच तिथेच सुटतं. आणि दाबलेल्या हातानेच निघायचं. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही टाक्यांवर घालायचं नाही. मला ठाऊक आहे, आजीने घातली होती आणि बरं वाटलं होतं. ती खरचटलेल्या गुडघ्याची गोष्ट.

आता मशेरी. ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये किती बायका मशेरी लावतात ते आपल्याला माहीत आहे, आणि एकही बाई डॉक्टरला ते सांगत नाही. "तंबाखू खाता का?" "नाही." पुन्हा तेच, विचारणाऱ्याचा शब्द वेगळा आणि बाईचा वेगळा. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, टाक्यांच्या कडेच्या कातडीला रक्त पोचत नाही, जखम भरत नाही, कड काळी पडते. वस्तीतली एक भाजीवाली जड कुड्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवून आली होती, अर्ध्या तासाचं काम. ते दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा शिवताना तिथल्या एका नर्सबाईने विचारलं, "मावशी, मशेरी लावता का?" त्या नर्सबाईंना मी मनातल्या मनात नमस्कार करते.

तसंच लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्वाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या, केसांसाठी, त्वचेसाठी म्हणून घेतलेली काढ्याची बाटली. यातल्या काहींनी रक्त पातळ होण्याची शक्यता असते म्हणून शस्त्रक्रियेआधी बंद करायला सांगतात. सगळं सांगायचं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालतील, घालू द्या.

रक्त कमी असणं हा तर आपला घरचाच विषय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यात वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराला जखमा करतात, तिथून थेंबथेंब रक्त जातं, बाईला कळतही नाही. मूत्रपिंडावर परिणाम होतो तो वेगळा. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्या देशात बंदी आली, कारण ते दिलेल्या गुरांची कलेवरं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. गिधाडं वाचायलाच हवीत. पण तीच गोळी, कायद्याने चिठ्ठीशिवाय विकायची नसलेली, स्टेशनबाहेरच्या दुकानात बाईला मागेल तितकी मिळते, याचीही कुणीतरी मोजदाद ठेवायला हवी होती. डोंबिवली ते फोर्ट असा रोजचा प्रवास उभ्याने करणाऱ्या बाईची पाठ दुखते, याला औषध गाड्या वाढवणं हे आहे. ते मिळत नाही, गोळी मिळते.

विषयाचं नाव काढलं की आपल्याला पडद्यावरच्या नट्या आठवतात, म्हणून थोडा इतिहास. प्लास्टिक सर्जरीच्या जगाच्या इतिहासात पुण्याचं नाव आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका विटा घडवणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं. त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातले डॉक्टर ते शिकले. तेव्हा ईथरची भूलही नव्हती, ती १८४६ नंतरची. नाक ही आपल्याकडे काय चीज आहे ते भाषाच सांगते. बाई 'चुकली' की नाक कापायचं, आणि तिच्यामुळे घराण्याचं नाक कापलं जायचं. तेव्हा कापलेलं नाक परत बसवून घेणं हे सौंदर्य की दुरुस्ती की इभ्रत, हा प्रश्न विमा कंपनीच्या कारकुनाला वाटतो तितका सोपा नाही.

आणि डॉ. नोशीर अंटिया. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांची नाकं-हात आणि भाजलेल्यांचे देह दुरुस्त करण्यात त्यांनी हयात घालवली आणि मग लोकांच्या आरोग्याच्या कामाकडे वळले. अलिबागजवळच्या मांडवा भागात गावातल्याच बायकांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचा त्यांचा प्रयोग आपल्यातल्या जुन्याजाणत्यांना माहीत असेल. २००७ साली ते गेले. भाजलेल्या बाईची मान छातीला चिकटलेली असते, ती सोडवण्याची शस्त्रक्रिया आणि नाक टोकदार करण्याची शस्त्रक्रिया एकाच विद्याशाखेत येतात. टाके तेच, रक्त तेच, गोळ्याही त्याच. म्हणून ही माहिती फक्त पैसेवाल्या बायकांसाठी आहे, असं समजू नका.

बिलाचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे रुग्णालयाने लावले, पहिल्याइतकेच जवळजवळ. नवरा म्हणाला, भरून टाकू, बोभाटा नको. तिने त्या वेळी पहिल्यांदा आम्हाला बोलावलं. आम्ही तिघी गेलो. भांडायला नाही, कागद मागायला. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर बहात्तर तासांत नोंदी द्याव्या लागतात. शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावावे लागतात. सनद होती, औषधांच्या कपाटामागे. आम्ही ते कपाट जरा सरकवायला सांगितलं. नोंदी मिळाल्या. त्यात 'चालू औषधे' पुढे नुसती आडवी रेघ होती. त्या रेघेवरून बोलणी झाली आणि दुसऱ्या वेळच्या भूलतज्ज्ञाचे आणि औषधांचे पैसे सोडून बाकीचे त्यांनी कमी केले. ग्राहक न्यायालयात जाता आलं असतं, १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तिला जायचं नव्हतं. तो तिचा निर्णय, आम्ही आग्रह केला नाही.

संमतीच्या कागदाबद्दल मात्र आग्रह धरा. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायला दिलेली संमती नव्हे, आणि संमती खरी ठरायची तर काय करणार, धोके काय, दुसरे मार्ग कोणते हे रुग्णाला पुरेसं सांगितलेलं असलं पाहिजे. पेन्सिलीची फुली म्हणजे सांगणं नव्हे. 'रक्त साचून दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते, ती लागल्यास खर्च कुणाचा' हे आधी विचारा आणि लिहून घ्या. करणाऱ्याची पदवी विचारा, एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी असते, चार महिन्यांच्या सौंदर्यशास्त्राच्या प्रमाणपत्राने पोट उघडता येत नाही. रात्रीचा फोन कोण उचलणार ते विचारा, आणि निघण्याआधी तिथेच उभं राहून तो लावून बघा.

मी त्या भाषणातलं काय मागे घेते आणि काय नाही, असं मला नंतर आपल्या बैठकीत विचारलं गेलं. बाजाराबद्दल जे बोलले ते मागे घेत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला नाकाचा हप्ता विकणाऱ्याला मी आजही शिव्या घालीन. पण कीव हा शब्द मागे घेते. बाईचं शरीर तिचं, असं आपण गर्भपाताच्या हक्काबद्दल बोलताना म्हणतो आणि मग तिने त्या शरीराचं आपल्याला न पटणारं काही केलं की तोंड फिरवतो. जिला रात्री तीन वाजता फोन करायला लाज वाटेल, ती आपल्या गटात असून नसल्यासारखीच. लपवून केलेल्या गर्भपातांनी काय झालं ते आपण वर्षानुवर्षं पाहिलं आहे. लपवलेल्या टाक्यांचं वेगळं काही नसतं. जिला दुखणं सांगता येत नाही ती घरी पाहुण्यांसारखी झोपून राहू शकत नाही, तिसऱ्या दिवशी कणीक मळते, हंडा उचलते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या गटांनी मिळून आता एक वही केली आहे. कुठलीही शस्त्रक्रिया असो, कारण न विचारता, पहिल्या दोन रात्री सोबत झोपायला कोण जाऊ शकेल त्यांची नावं त्यात आहेत. सध्या अकरा नावं आहेत, कल्याण पूर्वेची फक्त दोनच, तिकडे आणखी हव्यात. अकरांपैकी एक नाव आपल्या या मैत्रिणीचं आहे. दुसरं काम प्रश्नावलीचं. 'औषधं चालू आहेत का' ऐवजी 'डोकं, अंग, पाळीचं पोट दुखलं तर काय घेता, पाकीट दाखवा' असे प्रश्न मराठीत लिहून काढले आहेत, त्यात मशेरीही आहे. दोन दवाखान्यांनी ती वापरून बघतो म्हटलं आहे. तिचा कच्चा मसुदा चहाच्या टेबलावर ठेवला आहे. चहा घेताना वाचा, शब्द अडला तर तिथेच पेनाने खूण करा, आणि एक काम आत्ताच करा, आपापल्या पर्समधली पाकिटं काढून टेबलावर मांडा, नावं एकत्रच वाचू.